विमानातला कोहरा

प्रायमरचा वास आला की मला बाबांनी सुटे भाग जोडून केलेलं प्लास्टिकचं छोटं विमान आठवतं. नदीकाठी, शिंदे घाटाजवळच्या आमच्या खोलीत आईनं त्यातल्या इवल्याशा वैमानिकाचा चेहरा रंगवला होता. बाबांनी तो न बघताच, घाईघाईनं, झटपट चिकटणाऱ्या गोंदानं वैमानिकावरची काच बसवली. गोंदाच्या वाफेनं काच आतून धुक्यासारखी पांढरी झाली.

“एकदा बघायचं तरी होतंत,” आई म्हणाली.

“सकाळचा कोहरा आहे, दुपारपर्यंत छटेल,” बाबा म्हणाले.

तो छटला नाही. आता आई नाही. काच न धुरकटवणारा गोंद आणि नवी काच आज मी आणलीय.

“जुनी काढू?” मी बाबांना विचारलं.

त्यांनी विमान बराच वेळ उजेडात धरलं. “सांभाळून,” म्हणाले, आणि ते परत कपाटात ठेवलं.

म्हणजे काढू की नको, मला अजून कळलेलं नाही.