आबांच्या नावाआधीचं अक्षर

हे मी आजवर कुणापाशी बोललेली नाही. नवऱ्याशी नाही, सख्ख्या बहिणीशीही नाही. एका बाईला ते ठाऊक आहे, पण तिलाही मी सांगितलेलं नाही — तिचं तिला कळलं, माझ्यासमोर उभ्या उभ्या. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तेवढं सोपं जात नाहीये.

मी घोरावाडी स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर राहते आणि घरी ग्रीटिंग कार्डं बनवते. वाढदिवसाची, बारशाची, निवृत्तीची, मागितली तर वर्षश्राद्धाच्या निमंत्रणाचीही. जेवणाच्या टेबलावर कागद कापायचं मशीन आहे, प्रिंटरएवढं. लॅपटॉपवर नक्षी काढायची, चिकट मॅटवर जाड कागद लावायचा आणि मॅट आत सरकवायची. आतलं बारीक पातं फिरतं आणि कात्रीला कधी जमणार नाही अशी जाळी कापून देतं. कार्डाच्या मागे मी 'हस्तनिर्मित' असा शिक्का मारते. तुम्हाला वाटेल, मी हेच कबूल करणार आहे. नाही. मशीन आहे हे माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत आहे, आणि कापून झाल्यावरचं सगळं काम हातानंच होतं. तेव्हा ते हात माझे नसायचे, एवढंच. सुजाताचे असायचे.

सुजाताची आणि माझी ओळख शाळेच्या फाटकापाशी झाली, मुलं एका वर्गात होती म्हणून. ती मराठी घेऊन बी.ए. झालेली. कापलेल्या अक्षरांच्या पोटातले बारीक तुकडे टोच्यानं उचलून काढायचे, मग ती अक्षरं न वाकवता कार्डावर बसवायची — हे काम मला दोन अक्षरांच्या पुढं जमायचं नाही. ती तासन् तास करायची, रेडिओ लावून. आणि करताना वाचायची. 'दीर्घायुष्य'मधला दी मी ऱ्हस्व कापला होता, तो तिनं पकडला. 'आशीर्वाद' तर दोनदा. माझं शुद्धलेखन कच्चं आहे, आणि तीन वर्षं एकही चुकीचं कार्ड बाहेर गेलं नाही ते तिच्यामुळे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी तिच्याबद्दल काय बोलले ते तुम्हाला कळणार आहे.

उर्स्याला माझ्या नवऱ्याचे मामा असतात. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. त्यांची पंचाहत्तरी करायची ठरली आणि त्यांच्या थोरल्या सूनबाईंनी, शोभावहिनींनी, मला मोठं कार्ड करायला सांगितलं. टेबलावर उभं राहील एवढं, वर आबांचं पूर्ण नाव सोनेरी अक्षरांत, आत कोरं — पाहुण्यांनी सह्या करायच्या. सासरच्या माणसांत माझ्या कामाला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. तोवर सगळे त्याला 'वैशालीचा कागदांचा उद्योग' म्हणायचे.

त्याच सुमारास माझ्याकडे एक वर्षश्राद्धाचं काम होतं. मराठी नाव मशीनवर कापताना अक्षरं एकमेकांना नीट जोडून घ्यावी लागतात, नाहीतर मात्रा वेगळी कापली जाते आणि गळून पडते. त्या श्राद्धाच्या कार्डावर ती जोडणी मला छान जमली होती. म्हणून मी तीच फाइल उघडली, नाव बदललं, कापायला लावलं. नावाआधी 'कै.' होतं. ते बदलायचं राहिलं.

चूक माझी होती. एवढंच असतं तर मी हे लिहिलंच नसतं. चुका होतात.

कापलेले सगळे कागद एका पाकिटात घालून मी सुजाताला दिले. कुठलं नाव कुठल्या कामाचं, हे लिहिलं नाही. आबांचं खरं नाव तिला माहीत नव्हतं, कार्यक्रम कसला आहे तेही मी सांगितलं नव्हतं. आम्ही 'आबांचं कार्ड' म्हणायचो. दुसऱ्या दिवशी मी लोणावळ्याला एका रिसॉर्टच्या ऑफिसात नमुने घेऊन बसले होते आणि मॅनेजर तासभर ताटकळत ठेवत होता. तेवढ्यात तिचा मेसेज आला. फोटो होता, खाली लिहिलं होतं — या मोठ्या नावाआधी कै. आहे, असंच हवंय ना? एकदा बघून सांग. मी लिहिलं, 'हो, बरोबर आहे. चिकटव.'

फोटो मी उघडला नाही. मेसेज वाचला होता का? मला म्हणायचंय की नव्हता. पण 'बरोबर आहे' असं मीच लिहिलं. म्हणजे तिनं काहीतरी विचारलंय एवढं तरी कळलं होतं. मॅनेजर आत बोलावत होता, आणि मला ते संपवायचं होतं.

दोनच दिवसांनी कार्यक्रम होता; सकाळी आम्ही दोघी रिक्षानं उर्स्याला गेलो. मंडपाच्या पडद्याला कागदी फुलं लावायची होती, म्हणून सुजाता सोबत आली. कार्ड तिनं बटर पेपरात गुंडाळून खोक्यात ठेवलं होतं. मी खोकं उघडून पाहिलंसुद्धा नाही.

जेवणाआधी शोभावहिनींनी ते उघडलं आणि फोटोसाठी उंच धरलं. पुढच्या रांगेत कुणीतरी वाचलं आणि बोलायचं थांबलं. मग शेजारचा थांबला. आबांनी चष्मा मागून घेतला, कार्ड जवळ ओढलं, वाचलं आणि म्हणाले, "आरं, मी अजून हितंच हाये की."

माणसं हसली. आबाही हसले. मला वाटतं, त्यांच्यापुरता विषय तिथंच संपला होता. पण बायकांच्या बाजूला कुणी हसलं नाही. शोभावहिनींनी कार्ड पालथं घातलं. पाहुण्यांतून वाट काढत त्या मंडपाच्या मागच्या बाजूला माझ्यापर्यंत आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

"ह्ये काय लिवलंस वैशाली? जित्या माणसाला?"

मी म्हणाले, चिकटवायला दुसरी बाई असते. मी तिला थांब म्हणून मेसेज केला होता. तिला धड वाचता येत नाही, वहिनी.

हे मी शांतपणे म्हणाले. अजून आठवतं, बोलताना मी पदर नीट केला.

कोण बाई, त्यांनी विचारलं. शिडीवर चढून सुजाता सुटलेली फुलं लावत होती, तिच्याकडे मी बोट दाखवलं. त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग तेवढ्यात जागा बदलून गेला — मी बघत होते. म्हणाल्या, त्यांच्यातलीला कशाला द्यायचं गं शुभकार्याचं काम? आणि मी गप्प राहिले. जात मी उच्चारली नव्हती, फक्त आडनाव सांगितलं होतं. पण त्या अंगणात आडनाव काय काम करतं ते मला माहीत नव्हतं का? मी तशाच घरात वाढले आहे. मला नेमकं माहीत होतं. सांगताना मला हायसं वाटलं होतं.

सुजाता शिडीवरून उतरून आली. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे. शोभावहिनींनी तिला सरळ विचारलं, "वाचता येत न्हाई व्हय तुला?"

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मी सांगेन असं तिला वाटलं असणार. मग म्हणाली, "येतं. मी विचारलं होतं. हो, चिकटव, असं लिहिलंय हिनं." आणि पर्समधून फोन काढला.

इथं मी मधली तीन मिनिटं गाळली आहेत.

आबा हसले आणि शोभावहिनी माझ्यापर्यंत पोहोचल्या, या दोन्हींच्या मध्ये तीन मिनिटं गेली असतील. त्यांना वाटेत कुणी कुणी अडवत होतं. कार्ड उंच धरलं तेव्हाच मला सगळं आठवलं होतं — फाइल, लोणावळ्याचं ऑफिस, मी लिहिलेलं उत्तर. मी पाण्याच्या पिंपामागे गेले आणि फोन उघडला. 'हो, बरोबर आहे. चिकटव.' त्यावर बोट दाबून धरलं. फक्त माझ्याकडून काढायचा की सगळ्यांकडून, असं फोन विचारतो. मी 'सगळ्यांकडून' निवडलं. मग फोन ठेवला आणि परत येऊन उभी राहिले.

हे आहे ते. चूक घाईत झाली. खोटं घाबरून बोलले असं म्हणता येईल. पण हे? मी आधी पुरावा पुसला आणि मग खोटं बोलले. त्या क्रमानं.

सुजातानं फोन उघडला. बोटानं वर सरकवलं, थांबली. तिचा प्रश्न होता, फोटो होता आणि त्याखाली मेसेज काढून टाकल्याची ओळ होती. ती ओळ तिनं वाचली. मी तिचा चेहरा बघत होते, म्हणून सांगते — त्यावर राग नव्हता. शुद्धलेखनाची चूक सापडली की ती जशी क्षणभर थांबायची, तशी थांबली. तो फोन तिनं शोभावहिनींसमोर धरला असता तरी त्यांना पटलं असतं का, मला माहीत नाही. तिनं धरला नाही. फोन पर्समध्ये ठेवला, म्हणाली, "बरं," आणि चप्पल घालून निघाली. टोलनाक्याच्या बाजूला रस्ता जातो, त्या रस्त्यानं चालत गेली. भर दुपार होती. मी जेवायला वाढायला लागले.

चार दिवसांनी माझ्या दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली होती. टोचे, डिंकाच्या बाटल्या, अर्धी राहिलेली कामं — पूर्ण करून. सोबत चिठ्ठी नव्हती.

मी तिच्याकडे गेले नाही. पहिल्या आठवड्यात जायला हवं होतं, गेले नाही. मग महिना झाला, वर्ष झालं. बाजारात दिसते, मान हलवते, मी हलवते. आता ती एका शाळेत मराठी शिकवते असं ऐकलं. माझं काम चालू आहे. चिकटवायला एक मुलगी येते आणि शुद्धलेखनाच्या चुका आता बाहेर जातात. उर्स्याच्या नातेवाइकांत तो किस्सा अजून सांगतात, लग्नात, बारशात — आबांच्या कार्डाचा आणि वाचता न येणाऱ्या बाईचा. मी समोर बसलेली असते. कधी कधी मीही हसते.

गेल्या दिवाळीत पाडव्याला आम्ही आबांकडे गेलो होतो. ते आता फार चालत नाहीत, ओट्यावर बसून असतात. माणसं आत गेली आणि मी एकटीच त्यांच्यापाशी राहिले, तेव्हा त्यांनी विचारलं, "ती फुलं लावाया आलेली बाई. त्या दिशी न जेवताच गेली गं ती. माझ्या दारातनं. कुटं असती? एकदा बोलवून घे तिला जेवाया."

मी म्हणाले, कुठं गेली कुणास ठाऊक, आबा. घर बदललं वाटतं त्यांनी.

सुजाता माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. तिनं घर बदललेलं नाही.