सुलभाचे तीन पालक

सुलभाला युनिव्हर्सिटीत पोचवायला आम्ही घरातले तिघे गेलो होतो. सुलभा नव्हती.

सुलभा म्हणजे माझी बायको. वय बावन्न. बी.ए. झाल्या झाल्या तिचं लग्न झालं आणि पुढचं शिक्षण ‘ओंकार जरा मोठा झाला की’ या बोलीवर थांबलं. ओंकार, आमचा मुलगा, मोठा झाला, पुण्यात नोकरीला लागला, त्याचे केस विरळ व्हायला लागले. मग एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता ती म्हणाली, “मी एम.ए.ला ॲडमिशन घेतलीय. पुरातत्त्व.”

“म्हणजे काय गं?” माझ्या आईनं विचारलं.

“जमिनीत गाडलेल्या जुन्या वस्तू शोधायच्या, आई.”

“त्यासाठी एवढं लांब कशाला जायचं? आपल्या माळ्यावर चढ.”

मला मात्र असा काही अभिमान वाटला की मी दुसऱ्या दिवशी आमच्या मांजलपूरभर ती बातमी वाटत हिंडलो. सोसायटीचा वॉचमन, इस्त्रीवाला, भाजीवाली, कोणालाही सोडलं नाही. स्वतःच्या लग्नातसुद्धा मी इतका मिरवलो नव्हतो. (लग्नात मला ताप होता.) समोरच्या जयश्रीबेनना तर मी दोनदा सांगितलं, एकदा मराठीत आणि एकदा गुजरातीत.

मग युनिव्हर्सिटीचा मेसेज आला. नव्या विद्यार्थ्यांचं ओरिएन्टेशन, सकाळी दहाला, विद्यार्थ्यानं ‘वाली’सोबत यावं. आमच्याकडे गुजरातीत वाली म्हणजे पालक.

“हे लहान पोरांसाठी असतं,” सुलभा म्हणाली. “मी एकटी जाईन.”

“नियम तो नियम,” मी म्हणालो. मी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात डिस्पॅच खात्यात जन्म काढला. कागदावर ‘सोबत’ म्हटलं की सोबत. “मी येतो पालक म्हणून.”

“तू कसा पालक?” आई कडाडली. “नवरा पालक असतो होय? तिचे आईवडील आता नाहीत. घरात मोठी मी. मीच येणार.”

रात्री ओंकारचा फोन आला. “आईनं मला बालवाडीत सोडलं होतं, आता मी तिला सोडणार. सुट्टी टाकलीय.”

तर असे एका विद्यार्थिनीला तीन पालक झाले. तयारीसाठी आम्ही तिघांनी घर डोक्यावर घेतलं. ओंकारनं पुण्याहून एक पाठपिशवी आणली, तिच्यात सुलभा स्वतः मावली असती. आईनं डब्यासाठी लाडू वळले आणि वर्गातल्या मुलांनाही पुरतील एवढे वळले. मी पाण्याच्या बाटलीवर पक्क्या शाईनं तिचं नाव लिहिलं, रस्ता माहीत असूनही बाइकवरून एक रंगीत तालीम केली, आणि गर्दी कुठे लागते, वळायचं कुठे, यावर जेवताना छोटंसं व्याख्यान दिलं. सुलभा सगळं ऐकून घेत होती. शेवटी पान वाढता वाढता तिनं एवढंच सांगितलं, “माझी एकच विनंती आहे. वेळेवर पोचू या. उशीर झाला तर मी त्या हॉलमध्ये पाऊल टाकणार नाही. सगळी पोरं वळून बघतील, ही आजीबाई कोण म्हणून. मी दारातूनच परत फिरेन, आणि मग पुन्हा जायचं धैर्य मला व्हायचं नाही.”

हे ती हसत म्हणाली, पण तिच्या हातातला डाव थांबला होता. मी छाती ठोकून म्हणालो, “डिस्पॅचवाल्याच्या घरात उशीर? तू फक्त तयार राहा.”

आता जे घडलं ते कसं घडलं, हे नीट सांगायला हवं, कारण ऐकणाऱ्याला ते शक्य वाटत नाही.

आमच्या घरात कोणी परीक्षेला, मुलाखतीला, प्रवासाला निघालं की सुलभा दारात उभी राहून त्याच्या हातावर दही-साखर ठेवते. जाणारा दही चाटतो, “येतो” म्हणतो आणि निघतो. त्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी वाटी घेऊन दारात उभी राहिली. आईच्या हातावर दही ठेवलं. आई म्हणाली, “येते गं.” ओंकारच्या हातावर ठेवलं. तो म्हणाला, “येतो आई.” माझ्या हातावर ठेवलं. मी म्हणालो, “येतो.” आणि आम्ही तिघंही निघालो!

जायचं तिला होतं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिच्याही नाही. ती म्हणे दारात उभी राहून हात हलवत होती.

एवढ्यावर भागलं असतं, तर तिला अजून वाव होता. पण दही तिच्या साडीवर सांडलं आणि ती साडी बदलायला आतल्या खोलीत गेली. तेवढ्यात मी हेल्मेट विसरलो म्हणून परत वर आलो. घर शांत. मी मनात म्हटलं, सगळी खाली उतरली वाटतं. गॅस बघितला, नळ बघितले, मेन स्विच बंद केला, बाहेरून जाळीला कुलूप घातलं आणि सवयीप्रमाणे ते ओढून पाहिलं. पक्कं होतं.

खाली आलो तर आमची गाडी गेलेली. ओंकार चालवत होता, आई शेजारी बसली होती. सुलभा मागे बसली असणार, असं मी धरून चाललो. खरं तर मीच आदल्या दिवशी जाहीर केलं होतं की तिला मी बाइकवरून नेणार, लग्नानंतरच्या दिवसांसारखी. पण तिनं त्यावर नुसतं “बघू” म्हटलं होतं, आणि आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही. ओंकारला ‘बघू’चा अर्थ ठाऊक नाही. त्यानं मागच्या सीटवर सुलभाची पर्स आणि ती प्रचंड पिशवी पाहिली, सामान गाडीतून आणि सुलभा बाइकवरून, असा सरळ हिशेब केला आणि गाडी काढली.

आम्ही दहाच्या बऱ्याच आधी पोचलो. मंडपात टेबलामागे एक हसरी मुलगी बसली होती. आम्ही तिघं ताठ मानेनं तिच्यापुढे उभे राहिलो.

“वाली?” तिनं विचारलं.

“आम्ही,” आम्ही तिघंही म्हणालो.

“अने स्टुडन्ट?”

आम्ही तिघांनी मागे वळून पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं.

“बाबा, ती तुमच्या मागे बसली होती ना?”

“ती तुझ्या गाडीत होती ना?”

“मला वाटलं, ती संडासला गेलीय,” आई शांतपणे म्हणाली.

मी घाईघाईनं सुलभाला फोन लावला. आईच्या काखेतली पर्स वाजायला लागली. आईनं ती माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, “उचल, तिचाच असेल.”

जन्मभर डिस्पॅचमध्ये काम केलं, पण गाडी निघाली आणि माल गोदामात राहिला असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं. आणि इथे गोदामाला कुलूपही मीच घालून आलो होतो! मी जयश्रीबेनना फोन केला. आमची एक किल्ली त्यांच्याकडे असते. थोड्या वेळानं त्यांचा फोन आला.

“विनायकभाई, बेन घरमां छे ने ताळुं बहारथी छे. लाइट पण नथी.”

“मी घ्यायला येतो, तिला सांगा.”

मागून सुलभाचा आवाज ऐकू आला. रागावलेला नव्हता, आणि तेच जास्त भीतिदायक होतं. “त्यांना म्हणावं, येऊ नका. पुन्हा कोणाला तरी विसराल. मी माझ्या ॲक्टिव्हावरून येते.”

आम्ही फाटकाशी उभे राहिलो. दहा वाजून गेले. मुलं आत जाऊन बसली. ती येईल की वाटेतूनच परत फिरेल, याची मला खात्री नव्हती. इतकी वर्षं ती सगळ्यांसाठी थांबली होती आणि तिची पाळी आली त्या दिवशी मी तिला कोंडून आलो होतो.

आणि मग ॲक्टिव्हा आली. सुलभानं हेल्मेट काढलं, केस सारखे केले.

“अगं, मी तुला...”

“पर्स द्या. हॉल कुठेय?”

प्रमुख पाहुणे अजून यायचे होते, एवढंच आमचं नशीब. पण हॉल गच्च भरला होता. ती दारात पोचली आणि खरोखरच सगळी पोरं वळून बघायला लागली. ती उंबऱ्यावर थबकली. मी मागे होतो, मला तिची फक्त पाठ दिसत होती. ती आता फिरणार, असं मला वाटलं आणि मी डोळे मिटले.

खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला म्हणून उघडले, तर अख्खा हॉल उभा राहिला होता. “गुड मॉर्निंग, मॅडम!”

पोरांना वाटलं, प्राध्यापक आल्या. सुलभानं क्षणभर विचार केला, मग हातानं सगळ्यांना बसायची खूण केली, चालत पुढे गेली आणि पहिल्या रांगेत दोन मुलींच्या मधे जाऊन बसली. त्या मुलींनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग खुसखुसल्या, आणि मग तिघीही हसायला लागल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लपवायचं कारण नाही, आलं.

पालकांच्या जागा मागे होत्या. कार्यक्रम सुरू झाला, नव्या विद्यार्थ्यांना एकेक करून माइकवर बोलावलं. सुलभा उठली. तिनं नाव सांगितलं, विषय सांगितला. सूत्रसंचालकानं कौतुकानं विचारलं, “आपकी फॅमिली से कोई साथ आया है?”

सुलभानं शेवटच्या रांगेकडे पाहिलं. आम्ही तिघं सावरून बसलो.

“जी नहीं,” ती म्हणाली. “मैं अकेली आई हूँ.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारी बसलेले काका हेलावून गेले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “एमना घरना बहु सारा हशे. एकलां आववा दीधां.” म्हणजे हिच्या घरची माणसं फार चांगली असणार, एकटीला येऊ दिलं!

मी आईकडे पाहिलं, ओंकारकडे पाहिलं. मग तितक्याच गंभीरपणे त्या काकांना सांगितलं, “हो ना. असे घरवाले शोधून सापडायचे नाहीत.”