करवंदीच्या जाळीतलं भेकर

बहिणीचं स्थळ पाहायला म्हणून गेलो आणि शिकार बघून आलो.

मुलाकडची माणसं आमच्यासारखीच साताऱ्याची. कळंबोलीच्या लोखंड बाजारात धंदा आणि डोंगराच्या पायथ्याशी फार्महाऊस. आम्ही नावड्याच्या वन-बीएचकेत राहणारे, त्यामुळे बाबा हरखून गेले होते. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. त्याआधी मुलाने मला नि बाबांना फार्महाऊसवर बोलावलं.

सकाळीच तो आम्हाला मागच्या ओढ्यापाशी घेऊन गेला. सोबत त्याचे मित्र, कुत्री आणि एक बंदूक. पलीकडे करवंदीची जाळी होती, इतकी दाट की आत हात घालायची सोय नाही.

"आत भेकर आहे," तो म्हणाला. "पाणी जवळ, सावली, आडोसा. त्याला अशीच जागा लागते. पहाटे कडेला चरतं आणि दिवसभर आत बसून राहतं."

"शिकारीला बंदी आहे ना?" मी विचारलं.

"टेन्शन नका घेऊ, दादा. इथं कोण येतंय बघायला?"

एवढं ठाऊक असलेल्या माणसाला त्या जनावराची थोडी तरी माया असेल, असं मला वाटलं होतं. कसलं काय!

त्यांनी डबे बडवले, कुत्री सोडली. भेकर बाहेर येईना, आतून नुसतं कुत्र्यासारखं भुंकत होतं. मग या पठ्ठ्याने वाऱ्याच्या बाजूचं वाळलेलं गवत पेटवून दिलं. "येत नाही म्हणजे काय? बाहेर कसं काढायचं ते मला बरोबर कळतं," असं म्हणून हसलासुद्धा. भेकर धुरातून धडपडत आलं, अंगभर ओरखडे घेऊन, आणि त्याने ते अगदी जवळून मारलं. मग त्याच्यावर पाय ठेवून फोटो काढले, मित्रांनी शिट्ट्या मारल्या. मला तिथेच ओकारी आली. निघताना "हा वहिनींचा वाटा" म्हणत एकाने मटणाची पिशवी पुढे केली आणि बाबांनी ती निमूट घेतली. त्या क्षणी मला बाबांचीही किळस आली.

घरी येऊन मी बहिणीला सगळं सांगितलं.

"पोरगं धाडसी हाय," बाबा मध्येच म्हणाले.

बहिणीने त्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाली, "दादा, उद्या आमचं भांडण झालं आणि मी खोलीचं दार लावून आत बसले, तर हा मला कसं बाहेर काढेल रे?"

बाबांची मान खाली गेली. ते उठले आणि पिशवी खाली कचऱ्याच्या डब्यात टाकून आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाच्या वडिलांना फोन लावला. "काय करायचं, आमचे गुरुजी म्हणत्यात पत्रिका जुळत न्हाय," ते अजिजीने सांगत होते. "न्हायतर पोरगं तुमचं लाखात एक हाय."

पत्रिका केव्हाच जुळली होती.