‘येजो’ म्हणणारा आवाज

वर्धा स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि आनंदाच्या भरात गाडीत माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. ‘उलटा पंखा’ या आमच्या पुण्याच्या जुन्या रॉक बँडचं ‘मी जातो’ हे गाणं मी कॉलेजात असताना इतकं ऐकलं, की कॅसेटची टेप दोनदा तुटली. तळेगावात, भर बाजाराच्या पटांगणात, लोकांसमोर वाजवलेलं गाणं. गायक ओरडतो, ‘मी जातो!’ आणि समोरून एका बाईचा खणखणीत आवाज येतो, ‘येजो!’ (ये हं परत!) दुसऱ्या वेळी दहा-बारा आवाज, तिसऱ्या वेळी सगळं पटांगण. माझ्या अंगावर अजून काटा येतो.

गिटार मात्र शेजारच्या गल्लीत वाजत असल्यासारखी ऐकू येते. बँडचे गिटारवादक विलासदादा आता पासष्टीचे आहेत आणि हे त्यांना आजवर सलतंय. गाणं नव्यानं निघणार, ध्वनिसंकलन माझ्याकडे. “मूळ कॅसेट तिथल्या लाउडस्पीकरवाल्याकडे आहे. ती आण, बायकांचा गलका खाली घे आणि माझी गिटार वर आण,” त्यांनी फर्मावलं. मी एका पायावर तयार!

बसस्टँडवर तर्री-पोहे खाल्ले. तर्री (पोह्यांवर ओततात तो तिखटजाळ रस्सा) अशी, की नाक-डोळे एकदमच वाहू लागले. तशीच तळेगावची बस पकडून ऐटीत खिडकीत बसले.

“कोनत्या तळेगावले जाता, ताई?” कंडक्टरबाईंनी विचारलं.

जिल्ह्यात एकाहून जास्त तळेगावं आहेत हे मला कुणी सांगितलं होतं?

“तळेगाव श्यामजी पंत पाह्यजे त आर्वीवरून जानारी गाडी धरा. उतरा लवकर!”

उतरले. आर्वीच्या गाडीत तासभर उभी राहिले, पण बाहेर फुटलेला कापूस आणि पिवळ्या फुलांनी भरलेली तूर होती, आणि आर्वी सोडल्यावर संत्र्याच्या बागा. शेजारच्या आजींनी न विचारता दोन संत्री हातात ठेवली. तक्रार कसली करणार!

तळेगावच्या स्टँडवर देवरावजी स्वतः घ्यायला आले होते. पंचाहत्तरी उलटलेली, कडक इस्त्रीचा सदरा. पूर्वी गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाचा लाउडस्पीकर त्यांचाच असे आणि प्रत्येक कार्यक्रम ते कॅसेटवर घेऊन ठेवत. त्यांची मुलगी रमाताई गावातच शिक्षिका आहे. तिनं गरम सांबारवडी (सांबार म्हणजे इथे कोथिंबीर) पुढ्यात ठेवली आणि मी अधाशासारखी चौथी उचलली, तोवर देवरावजींनी सांगायला सुरुवात केली होती.

“ह्या बँडवाल्यायची गाडी हायवेवर बंद पडली. अमरावतीले चालले होते. इकडं आमचा भीमगीताचा कार्यक्रम, मांडव भरला, अन् गायन पार्टीच आली नाई! आमी म्हनलं, बाजा हाय न तुमच्यापाशी? मंग वाजवा!”

“आणि माइक कुठे होता?”

“दोन होते. चांगला माइक बायांच्या सतरंजीपाशी.”

“गिटारीसमोर का नाही?”

“काऊन? ध्रुपद (गाण्याचं पालुपद) त बायाच उचलते. गाणाऱ्याचा आवाज भोंग्यातून येतेच. बायांचा येत नाई.”

मी खो खो हसत सुटले. बायकांचा आवाज पुढे ठेवायची ही धाडसी कल्पना बँडला सुचली कशी, यावर आम्ही कॉलेजात किती वाद घातले होते! आणि ती निघाली देवरावजींची रोजची मांडणी.

‘येजो’चं रमाताईनं सांगितलं. “आमच्याकडं कोनी ‘जातो’ म्हनलं, त त्याले ‘येजो’ म्हनाच लागते. हा पोट्टा स्टेजवरून ‘जातो, जातो’ ओरडून राह्यला, अन् कोनीच काई म्हने ना. आईले राह्यवलं नाई.”

म्हणजे तो पहिला आवाज हिच्या आईचा! आनंदानं मी जागीच उडाले.

“रमाची आई गेली त्याले नऊ वर्षं झाली,” देवरावजी म्हणाले. “तिचा आवाज दुसरीकडं कुठंच नाई.” त्यांनी कॅसेट माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, “हे नेऊन काय करसान?”

खोटं बोलता आलं असतं. पण जीभ वळेना. खरं ते सांगितलं.

त्यांनी कॅसेट हळूच उचलून परत घेतली. “मंग नाई देत.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी विलासदादांना फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि देवरावजींना म्हटलं, “एकदा त्यांना ऐकवा तरी.”

देवरावजींनी कॅसेट टेपमध्ये घालून लावली. आमच्याकडची कॅसेट टाळ्यांवर संपते. ही पुढे चालू राहिली. थोडी खरखर, मग तोच आवाज, माइकच्या अगदी जवळ: “पोट्टेहो, जेवले काय? चाला, घरी पिठलं हाय.”



“गेलो होतो आम्ही जेवायला,” विलासदादा फोनवरून म्हणाले. “सारखं ‘अजून घ्या’ म्हणत होत्या. आणि मी त्यांनाच पुसायला निघालो! गिटार आहे तिथेच राहू दे. त्यांचं नाव विचार, कव्हरवर टाकू.”

“रमाची आई लिवा,” देवरावजी म्हणाले.

“बाबा, नाव सांगा न,” रमाताई म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच, “त्यायनं कधीच घेतलं नाई.” त्या पिढीत नवऱ्यानं बायकोचं नाव उच्चारायची रीतच नव्हती.

देवरावजींनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. माइकसमोर वाकावं तसे फोनवर वाकले आणि म्हणाले, “कौसल्या.”

आम्ही दोघी रडत होतो. त्यांनी कॅसेट स्वतःच्या रुमालात बांधून माझ्याकडे दिली. पुण्यापर्यंत मी ती मांडीवरून हलवली नाही.

आपण एवढ्या लांब कशासाठी गेलो होतो हे आठवलं, की अजून कानशिलं तापतात. मी फक्त खरखर काढली. कव्हरचा मजकूर रमाताईला पाठवला, तर दुसऱ्याच दिवशी देवरावजींचा फोन.

“ताई, तिच्या नावापुढं ‘कोरस’ काऊन लिवलं? बाकीच्या मंग आल्या. पयले त ते एकटीच होती.”

मी मजकूर बदलला. आता गायकाच्या नावाखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापलंय: आवाज, कौसल्या.