येऊन राहिलेला राजा

बुटीबोरीचे कारखाने मागे पडले तसे डब्यातले लोक सीटखाली चपला शोधू लागले. समोरच्या आजोबांनी कानटोपी काढून पिशवीत ठेवली आणि म्हणाले, "आलं नागपूर." बाहेर सपाट काळी जमीन, मधूनच संत्र्याची बाग आणि स्वच्छ ऊन. आमच्या सांगलीकडच्यापेक्षा इथलं आकाश मोठं वाटलं.

माझ्या पिशवीत मुलांसाठी लिहिलेल्या कादंबरीचं हस्तलिखित होतं. त्या कादंबरीतल्या नागपुरावर कंपनी सरकारचं राज्य कधी येतच नाही. इंग्रजी फौज वेशीवर येते त्याच सकाळी जुना गोंड राजा हत्तीसकट तळ्यातून वर येतो, तीन मुलं त्याला वाट दाखवतात आणि तो कायमचा गादीवर राहतो. मूळ दंतकथा माझी हॉस्टेलची मैत्रीण अर्चना हिच्या आईने सांगितलेली. अर्चनाने त्यांचं बोलणं शब्दन्शब्द फोनवर लिहून मला पाठवलं होतं. त्यातल्या "राजा येऊन राहिला" या वाक्यावर मी सगळी कादंबरी उभी केली. छपाईआधी अर्चनाच्या आईला, म्हणजे काकूंना, वाचून दाखवून त्यांचा होकार आणा, असं प्रकाशकांनी सांगितलं होतं. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, पुस्तकही पहिलंच. बाबांनी शिवणाच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगून ठेवलेलं. होकार न घेता परतणं मला परवडणारं नव्हतं.

स्टेशनबाहेर येऊन मी अर्चनाने ठरवून दिलेल्या रिक्षावाल्याला फोन केला.

"मी येऊन राहिलो ना, मॅडम!"

मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. पुन्हा फोन केला. "दिसत नाही तुम्ही."

"दिसीन कसा? कॉटन मार्केटच्या सिग्नलवर आहो."

"पण तुम्ही म्हणालात, येऊन राहिलो."

"मंग? येऊनच राहिलो. आलो म्हणजे आलो, अन् येऊन राहिलो म्हणजे येऊन राहिलो."

इथे 'येऊन राहिलो' म्हणजे 'येतो आहे'. मी मात्र 'आला आणि राहिला' असा अर्थ घेतला होता. हॉस्टेलमध्ये मुली चिडवायच्या म्हणून अर्चना आमच्यासारखंच बोलायची. त्यामुळे ही लकब माझ्या कानावर कधी पडलीच नाही. सक्करदऱ्यातल्या अर्चनाच्या घरापर्यंत रिक्षावाला शहर दाखवत होता. मी नुसती मान हलवत होते.

अर्चनाच्याही पुढे काकू दारातच उभ्या होत्या. "ये वं पोरी. अर्धी झाली प्रवासानं. आधी जेव."

जेवायला गोळाभात होता (हरभऱ्याच्या भरड्याचे तिखट गोळे घालून केलेला भात). वरून हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी. दोनदा घेतला, मग विचारलं.

"काकू, तुमच्या गोष्टीतला राजा शेवटी पोहोचतो का?"

"कायचा पोहोचते! वाटेत आहे तो. पोहोचला असता तर आमी पोरी रोज तळ्याची पायरी काहून झाडत होतो?"

अर्चनाने माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "अगं, मले विचारायचं ना एकदा!"

मी शेवटचं प्रकरण तसंच वाचून दाखवलं. काकूंनी डोळे मिटून ऐकलं. राजा गादीवर बसला तिथे त्यांनी डोळे उघडले.

"राजा आला, मंग पोरं घरी गेली?"

"हो."

"मंग मी पुढं काय आयकू? चांगलं लिवलं वं तू. पण हे माह्या गोष्टीच्या नावावर छापू नको."

नकार इतका प्रेमाने दिलेला होता की वाद घालायला जागाच नव्हती. मी कागद आवरू लागले. ताटं उचलता उचलता अर्चना म्हणाली, "इंग्रजांचा दुभाषी हिच्यासारखा तिकडचा असता, तर फौज वेशीवरूनच परत गेली असती."

काकूंनी मी आवरलेले कागद पुन्हा माझ्यापुढे सरकवले. मग काकू म्हणाल्या, "हे लिव."

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी तेच लिहिलं. वेशीवर फक्त तीन मुलं आहेत. ती ओरडतात, "राजा येऊन राहिला!" पुण्याकडून आणलेला दुभाषी साहेबाला सांगतो की राजा आला आहे आणि आता इथेच राहणार आहे. साहेब फौज मागे वळवतो. राजा अजून वाटेतच आहे. तोवर शहर सांभाळायचं काम मुलांकडे. मी अशी चूक झाकायला शिकले होते. तिच्यामुळे एक अख्खं राज्य वाचू शकतं, हे मला नागपुरात कळलं.

वर्धा गेल्यावर काकूंना फोन करून प्रकरण वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ हसू चाललं होतं.

"छाप आता. अन् त्या येड्या दुभाष्याचं नाव काय ठेवलं वं?"

"माझंच आडनाव दिलंय, काकू."