मुतखड्याची गोळी आणि दोन डॉक्टर

आमच्या घाटंजीत ज्याचा मुतखडा पडतो, तो त्याला डबीत जपून ठेवतो आणि पाहुण्यांना चहाआधी दाखवतो. माझा सोनोग्राफीत सहा मिलिमीटरचा निघाला तेव्हा साडू म्हणाला, "एवढुसाच?" मला खरोखर राग आला.

यवतमाळच्या डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिली. रोज एक, रात्री जेवणानंतर. वर भरपूर पाणी. "हिच्यानं बीपी उतरू शकतो, उठताना सावकाश उठा. ताप आला किंवा लघवी बंद झाली तर तडक या. दुसरी कोणती गोळी चालू आहे?"

"नाही," मी म्हणालो.

बीपीची गोळी मी त्याच सकाळी गिळून निघालो होतो. पण ती आमच्या घाटंजीच्या घरोब्यातल्या डॉक्टरची. एका डॉक्टरपुढे दुसऱ्याचं नाव काढणं म्हणजे एका व्याह्याच्या पंगतीत बसून दुसऱ्याच्या घरच्या वड्यांचं कौतुक करणं. बाहेर आल्यावर बायकोनं विचारलं, "खोटं काहून बोलले?"

"तुले मानपान समजत नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी घट बसले. मला नऊ दिवसांचा उपवास. जेवणच नाही, तर जेवणानंतर घेणार कधी? मी डोकं चालवलं आणि सकाळच्या बीपीच्या गोळीवर कॅप्सूल दुपारीच उपाशीपोटी घेऊन टाकली.

संध्याकाळी देवीच्या मंडपात तासभर मांडी घालून बसलो. आरती सुरू झाली तसा ताडकन उभा राहिलो. दिवे लांब गेले, टाळ्या विहिरीतून ऐकू येऊ लागल्या आणि मी डोलायला लागलो.

"माय आली! अंगात माय आली!" कुणीतरी ओरडलं.

अंगात आलेल्या माणसाला आमच्याकडे पडू देत नाहीत. दोघांनी बगलेत हात घालून मला उभं धरलं. मला फक्त आडवं व्हायचं होतं, पण जीभ वळेना. कपाळावर मळवट भरला गेला, पायांवर डोकी टेकू लागली. गल्लीतल्या एका म्हातारीनं विचारलं, "माय, नातीले वणीले देऊ का?" माझी मान आपोआप खाली पडली. "हो म्हणते!" म्हातारीनं सगळ्यांना सांगितलं. तिकडे सोयरीक ठरली आणि इकडे मी मरत होतो. खरंच वाटलं, संपलं आता.

तेवढ्यात बायको गर्दीतून घुसली. "माय नाही आली, बीपी उतरला ह्यायचा! आडवं करा ह्यायले!" कोणी ऐकेना. साक्षात देवीला आडवं कोण करणार? शेवटी तिनं त्या दोघांचे हात ओढून काढले, मला खाली निजवलं आणि माझे पाय नारळांच्या पोत्यावर चढवले. मंडपात एकच गलका झाला. मला हळूहळू दिसायला लागलं.

सकाळी आम्ही पुन्हा यवतमाळला गेलो. पुन्हा तोच प्रश्न, दुसरी गोळी कोणती? मी तोंड उघडायच्या आत बायकोनं औषधांची पिशवी टेबलावर पालथी केली. डॉक्टरांनी समोरच घाटंजीच्या डॉक्टरांना फोन लावला. दोघांनी पाच मिनिटांत गोळ्यांचं ठरवलं, मला उपवास सोडायला लावला. कोणाचाच अपमान झाला नाही.

परतताना बस अर्ध्या रस्त्यात आली. बायको खिडकीकडे बघत म्हणाली, "दोन डॉक्टरांचा मान राखाले तुमी माह्यं कुंकू पुसाले निंगाले होते."

मी तिचा हात धरला. तो मी घर येईपर्यंत सोडला नाही.