भोंगा थांबेपर्यंत हलायचं नाही

इस्क्रा दोनेवा डूख धरणारी बाई होती. हे तिची सख्खी आईच सांगायची. शाळेत कुणी वेणी ओढली तर इस्क्रा आठवडाभर गप्प बसायची, आणि मग शाईची दौत नेमकी त्याच्याच दप्तरात सांडायची. अशा बाईच्या वाटेला जाऊ नये. पण वल्चानोवला कोण सांगणार?

स्तारा झागोरा शहरात वल्चानोव इमारती बांधायचा आणि इस्क्रा त्या इमारतींच्या दिव्यांना शिकवायची. हो, शिकवायचीच. बाहेर ऊन असलं की किती मंद व्हायचं, खोलीत माणूस हलला की कधी जागं व्हायचं, कुणी नसलं की कधी विझायचं, हे ती लॅपटॉपवरून एकेका दिव्याला पढवायची. तेच दिवे छताला चढवायचं काम तिच्या धाकट्या भावाचं, ल्यूबेनचं. फेब्रुवारीत नव्या भवनाच्या मोठ्या दालनात तो शिडीवरून पडला आणि जागीच गेला. एवढ्या उंचीला परांची बांधावी लागते, ती वल्चानोवनं बांधू दिली नाही. वर पोलिसांना सांगितलं की पठ्ठ्या पिऊन चढला होता. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस तो. तेव्हापासून आई कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानातही जाईना. म्हणे, दारुड्याची आई म्हणून लोक बघतात.

इस्क्रानं नोकरी सोडली नाही. लोकांना वाटलं, पोटासाठी.

मे महिना सरता सरता तिनं ल्यूबेनचं शोकपत्रक, फोटोसकट, भवनाच्या दारावर चिकटवलं. मेलेल्याच्या नावाचा असा कागद त्या गावात माणूस फाडत नाही. वारा फाडतो, पाऊस फाडतो, त्यांना तेवढा हक्क. वल्चानोवनं तो तिच्या डोळ्यांदेखत नखांनी खरवडून काढला.

"दोन जूनला उद्घाटन आहे, बाई. महापौर यायचेत. दारात मढं कशाला?"

"चुकलंच, साहेब," इस्क्रा म्हणाली. "दारावर नव्हतं लावायला पाहिजे."

"आणि दिवे झकास दिसू देत."

"दिसतील की. तुम्ही तर त्याहून दिसाल."

तो खूश झाला, मेला.

दोन जूनला दुपारी बारा वाजता गावोगाव दोन-तीन मिनिटं भोंगे वाजतात आणि देशासाठी पडलेल्यांच्या नावानं जो तो असेल तिथं उभा राहतो. बस थांबते, न्हाव्याची कात्री हवेत राहते. भोंगा थांबायच्या आत जो हलला, त्याला कुणी माणसात धरत नाही. वल्चानोवनं मुद्दाम तोच मुहूर्त धरला होता, म्हणजे फीतही कापली जाईल आणि देशभक्तीही पदरात पडेल. फक्त एक गोष्ट त्याच्या टाळक्यात आली नाही. दिव्यांना सणवार कळत नाहीत. कुणी हललं नाही की त्यांच्या लेखी खोली रिकामी.

दालनाला खिडकी एकही नव्हती. एरवी वीस मिनिटं वाट बघणाऱ्या त्या दिव्यांना इस्क्रानं अर्ध्या मिनिटावर आणलं. एकाच दिव्याला तिनं उलटं पढवलं, ल्यूबेननं शेवटचा चढवला त्याला. सगळे विझले की त्यानं हळूहळू उजळायचं. तोवर त्याच्याखालचा खांब अंधुक राहील, हेही तिनं पाहिलं. त्या खांबावर, फितीच्या अगदी शेजारी, तिनं नवं शोकपत्रक चिकटवलं.

बाराला भोंगा सुरू झाला. महापौर, पाहुणे, कामगार, सगळे खिळले. थोड्या वेळानं दालन काळोखात बुडालं, आणि खांबावर ल्यूबेनचा चेहरा सावकाश उजेडात आला. कुणी हललं नाही, कुणी बोललं नाही. सगळं गाव ल्यूबेनसाठी उभं असल्यासारखं झालं. इस्क्राच्या छातीतली आग पहिल्यांदा निवली.

वल्चानोवनं किती वेळ दम धरला असेल? फार नाही. काळोखात कोण बघतंय असं वाटलं असेल त्याला. शेजारच्या खांबाकडे झटक्यात हात उंचावून त्यानं कागद ओढला, आणि सेन्सरनी आपलं काम केलं. दालनातले सगळे दिवे एकदम लागले. भोंगा अजून चालूच होता, आणि हलत होता फक्त वल्चानोव, हातात मेलेल्याचा फाटका फोटो घेऊन. त्याला तसंच उभं राहावं लागलं, हात वर, भोंगा थांबेपर्यंत.

भोंगा थांबला तरी कुणी टाळी वाजवली नाही.

"हा कोण मुलगा?" महापौरांनी विचारलं.

"एक कामगार होता, साहेब. पिऊन चढला..."

"पिऊन नव्हता," मागून पहारेकरी गेनादी म्हणाला. "परांची मागितली होती त्यानं, यांनी दिली नाही. शिडी मीच धरली होती."

वल्चानोव इस्क्राकडे वळला. "हे तू केलंस?"

"मी काय केलं, साहेब? जो उभा राहील त्याला अंधारात राहू द्या आणि जो हलेल त्याला दाखवा, एवढंच सांगितलं दिव्यांना."

बाहेर पडताना गेनादीनं तिला दारात गाठलं. "बोललो गं पोरी, एकदाचा."

"फेब्रुवारीत बोलायचं होतं, काका."

"नोकरी होती गं."

"माझीही होती," ती म्हणाली. गेनादीचं नावही तिनं मनात टिपून ठेवलं. माफ करणं तिच्या रक्तातच नव्हतं, त्याला कोण काय करणार.

घरी आल्यावर तिनं आईच्या हातात पिशवी ठेवली.

"ऊठ, आई. आज पाव आणायला तू जायचंस."